मुलांचे अस्वस्थ पाय

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरी हें गांव आहे. १९६८ सालीं पुऱ्या झालेल्या तेथील धरणामुळें त्याचें नांव मराठवाड्याबाहेरही पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. तेथल्या एखाद्या घरांतील रात्रीं साडेनऊचा प्रसंग कल्पावा. जेवणें आटोपलीं आहेत, अंथरुणें पडलीं आहेत आणि घरांतील आठ वर्षांचा मुलगा, दिवसभर खेळून दमलेला, आईच्या शेजारीं आडवा झाला आहे. पांच मिनिटें जातात न जातात तोंच तो पाय झाडूं लागतो. कूस बदलतो, तळवे भिंतीला टेकवतो, गुडघे पोटाशीं घेतो, पुन्हां पाय लांब करतो. ‘माय, पाय चेप कीं’ म्हणून आईच्या मागें लागतो. आई तेल लावून पोटऱ्या चोळते तोंवर त्याला बरें वाटतें. तिचा हात थांबला कीं पुन्हां तेंच. शेवटीं तो उठून उंबऱ्यापर्यंत दोनचार येरझारा घालतो आणि परत येऊन पडतो. काय होतें म्हणून विचारलें तर म्हणतो, ‘पायांत कायतरी वळवळायलंय.’ वडील ओरडतात, आजी मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढते, आणि अकराच्या पुढें केव्हांतरी त्या पोराचा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशीं शाळेंत तो जांभया देतो, बांकाखालीं पाय हालवीत बसतो, शुद्धलेखनांत चुका करतो आणि ‘याचें बूड एका जागीं ठरत नाहीं’ असा शेरा मिळवतो.

हाच प्रसंग पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही घडतो. तेथें दृष्ट काढण्याऐवजीं ‘मोबाइल पाहतो, म्हणून झोंप येत नाहीं’ एवढें निदान होतें, इतकाच फरक. दोन्ही ठिकाणीं मुलाच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिलेलें नसतें. आतां, रात्रीं पाय हालवणारें प्रत्येक मूल आजारी असतें असें मुळींच नाहीं. परंतु त्यांतील कांहींना एक खराखुरा विकार असतो. त्याला नांव आहे, त्याचे निकष ठरलेले आहेत आणि बऱ्याच अंशीं त्यावर इलाजही आहे. तो ओळखावा कसा, हें आईबापांनीं व शिक्षकांनीं जाणून घेणें जरूर आहे. कारण न ओळखला गेल्यास मुलाला आजाराबरोबर त्याची शिक्षाही भोगावी लागते.

वैद्यकांत या विकाराला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. मराठींत त्याला ‘अस्वस्थ पायांचा विकार’ म्हणण्यास हरकत नाहीं. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्यानें १६७२ सालीं छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत अशा रोग्यांचें वर्णन केलें आहे कीं, अंथरुणाला पाठ टेकतांच ज्यांच्या हातापायांची ओढाताण सुरू होई आणि निद्रेची जागा यातना घेत. त्यानंतर पावणेतीनशें वर्षें हें वर्णन जवळजवळ पुस्तकांतच राहिलें. १९४५ सालीं स्वीडनमधील मज्जारोगतज्ज्ञ कार्ल-अक्सेल एकबोम यानें त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला व या विकाराला आजचें नांव दिलें. विलिस व एकबोम या दोघांपुढें मुख्यत्वें प्रौढ रोगी होते. मुलांकडे वैद्यांचें लक्ष वळण्यास आणखी अर्धें शतक लागलें. मुलांकरितां निदानाचे वेगळे निकष २००३ सालीं प्रसिद्ध झाले आणि २०१३ सालीं ते सुधारण्यांत आले. अमेरिका व ब्रिटन या देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांची एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ८ ते १७ वर्षें वयाच्या मुलांपैकीं सुमारें २ टक्के मुलांना हा विकार असल्याचें आढळलें. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत असें एक मूल असण्याचा संभव आहे.

या विकाराचें निदान क्ष-किरणांच्या चित्रावरून होत नाहीं, कीं रक्ताच्या एखाद्या तपासणीवरूनही होत नाहीं. तें पांच प्रश्नांच्या उत्तरांवरून होतें, आणि तीं उत्तरें मुलाकडूनच मिळवावीं लागतात.

पहिला प्रश्न असा : पाय हालवण्याची अनावर इच्छा होते काय? येथें ‘अनावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसतें दुखणें निराळें आणि पाय हालवल्यावांचून राहवत नाहीं अशी आंतून येणारी निकड निराळी. बहुधा तिच्यासोबत पायांत कांहीं चमत्कारिक संवेदनाही असते. शिवशिवल्यासारखें, किडे चालल्यासारखें, आंतून ओढल्यासारखें वाटतें. दुसरा प्रश्न : हा त्रास स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू होतो अगर वाढतो काय? एस्टीचा लांबचा प्रवास, कीर्तन, नाटक-सिनेमा, शाळेंतील सलग तास आणि रात्रींचें अंथरूण, हीं याचीं नेहमींचीं ठिकाणें होत. तिसरा प्रश्न : चालल्यानें, पाय ताणल्यानें अगर झटकल्यानें निदान तेवढ्यापुरतें तरी बरें वाटतें काय? चौथा : संध्याकाळीं व रात्रीं हा त्रास दिवसापेक्षां अधिक होतो काय? मुलांच्या बाबतींत हें उत्तर मात्र जपून ऐकावें; कारण शाळेंत मुलाला तासन् तास बांकावर बसवलें जातें, त्यामुळें त्याला दिवसाही त्रास होऊं शकतो. आणि पांचवा प्रश्न वैद्यानें स्वतःला विचारावयाचा असतो : हीं सारीं लक्षणें दुसऱ्या एखाद्या कारणानें उद्भवलेलीं तर नाहींत ना?

हे पांच निकष प्रौढांना व मुलांना सारखेच लागू आहेत. मुलांच्या बाबतींत एक जास्तीची अट अशी कीं, त्रासाचें वर्णन मुलाच्या स्वतःच्या शब्दांत असलें पाहिजे. ही अट वरवर साधी वाटते, परंतु बहुतेक चुका येथेंच होतात. ‘बाळ, तुझे पाय दुखतात का?’ असें विचारलें कीं मूल ‘हो’ म्हणतें. कारण मोठ्या माणसांनीं हातांत दिलेला शब्द परत करणें त्याला सोपें जातें. मग डॉक्टरांना सांगितलें जातें कीं, ‘याचे पाय दुखतात’, आणि निदानाची गाडी पहिल्याच स्थानकावर चुकीच्या रुळाला लागते. त्याऐवजीं ‘रात्रीं तुझ्या पायांना कसें वाटतें?’ असें विचारून गप्प बसावें. एखादें मूल म्हणेल, ‘पायांत मुंग्या पळतात’. दुसरें म्हणेल, ‘हाडांना गुदगुल्या होतात’. तिसरें म्हणेल, ‘पायांना धांवायचें असतें.’ अशीं वाक्यें जशींच्या तशीं, घरच्या बोलींतच, लिहून ठेवावींत. तीं शुद्ध करूं नयेत. ज्याला सांगतां येत नाहीं त्याच्यापुढें कागद व रंगीत खडू ठेवावे आणि पायांत काय होतें तें काढून दाखवावयास सांगावें. साधारणतः सहा वर्षांनंतर मूल हें बरेंच स्पष्ट सांगूं शकतें. त्याहून लहान मुलाच्या बाबतींत त्याचें वागणेंच वाचावें लागतें : तें पाय अंथरुणावर घासतें, पाय चेपून घेण्याचा हट्ट धरतें, उठून चालूं लागतें.

निदानाला बळकटी देणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक कुलवृत्तान्त. वर सांगितलेल्या २००७ च्या पाहणींत ज्या मुलांना हा विकार होता, त्यांपैकीं ७० टक्क्यांहून अधिक मुलांच्या आईला किंवा वडिलांना तसाच त्रास असल्याचें दिसून आलें. त्याच वर्षीं आइसलंड व जर्मनी येथील संशोधकांनीं या विकाराशीं निगडित असलेले कांहीं आनुवंशिक घटकही दाखवून दिले. आपल्याकडे रोज रात्रीं नातवंडांकडून पाय चेपून घेणारी आजी किंवा झोंपतांना पोटऱ्यांना फडकें आवळून बांधणारे काका पुष्कळ घरांत असतात. त्यांतील कोणाच्या पायांची कहाणी मुलाच्या कहाणीशीं जुळते कां, हें पाहावें. पुष्कळदां मुलाचें निदान होत असतांनाच आईला आपल्या स्वतःच्या पायांचा अर्थ कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे झोंपेंतील हालचाल. अशा कित्येक मुलांचे पाय गाढ झोंपेंतही ठराविक अंतरानें झटके देतात. निद्रा-प्रयोगशाळेंत रात्रभर केलेल्या नोंदींत ते तासाला पांचांहून अधिक भरले तर निदानाला पुष्टी मिळते. परंतु ती नोंद नसल्यास निदान अडून राहत नाहीं.

आतां पांचव्या प्रश्नाकडे वळूं. या विकाराशीं गल्लत होईल अशा गोष्टी घरोघरीं आढळतात. पहिली म्हणजे ज्याला लोक ‘वाढीचें दुखणें’ म्हणतात तें. यांत संध्याकाळीं किंवा रात्रीं दोन्ही पायांच्या पोटऱ्या वा मांड्या ठणकतात, मूल रडतें, चोळल्यानें बरें वाटतें आणि सकाळीं तें पुन्हां धांवूं लागतें. यांत ठणका असतो, पण पाय हालवण्याची निकड नसते. मात्र ‘वाढीचें दुखणें’ म्हणून सोडून दिलेल्या मुलांपैकीं कांहींना खरोखर अस्वस्थ पायांचाच विकार असतो, हेंही लक्षांत ठेवावें. दुसरी म्हणजे पायांत गोळा येणें. तो एकाएकीं येतो, स्नायु दगडासारखा घट्ट लागतो आणि दुखणें नेमकें बोटानें दाखवतां येतें. तिसरी म्हणजे मांडी घालून बसल्यानें पायाला आलेली बधिरता; बसण्याची ढब बदलली कीं ती जाते. चौथी म्हणजे बसल्याजागीं पाय हालवण्याची संवय, जिला आपल्याकडे अपशकुनी मानून मुलांना दटावतात. ही संवय असलेल्या मुलाला ‘थांब’ म्हटलें तर तें थांबूं शकतें व थांबल्यानें त्याला कांहीं त्रास होत नाहीं. विकार असलेलें मूल थांबलें तर त्याची अस्वस्थता वाढत जाते. पांचवी म्हणजे अतिचंचलता. अतिचंचल मूल सकाळपासून रात्रीपर्यंत सर्वांगानें चंचल असतें आणि पायांतील संवेदनेची तक्रार करीत नाहीं. मात्र हे दोन्ही विकार एकाच मुलांत असूं शकतात. शिवाय रात्रीं पुरेशी झोंप न मिळालेलें मूल दिवसा सुस्त न दिसतां पुष्कळदां उलट चिडखोर व चंचल दिसतें. म्हणून ज्या मुलाविषयीं ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ अशी तक्रार आहे, त्याची रात्र कशी जाते हें एकदां अवश्य विचारावें.

कांहीं चिन्हें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसतांच घरगुती तर्क बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गांठावा. दुखणें एकाच पायांत कायम असणें, सांधा सुजणें अगर गरम लागणें, सकाळीं उठल्यावर सांधे आखडणें, मूल लंगडणें, ताप येणें, वजन घटणें, अंगावर काळेनिळे डाग उठणें, पाय लुळे वाटणें, हीं अस्वस्थ पायांच्या विकाराचीं लक्षणें नव्हेत. त्यांच्या मागें याहून गंभीर कारण असूं शकतें.

हा विकार होतो कशानें? याचें संपूर्ण उत्तर अजून हातीं आलेलें नाहीं; परंतु जेवढें कळलें आहे त्याचा धागा लोहापर्यंत जातो. मेंदूंत डोपामिन नांवाचें एक द्रव्य तयार होतें व शरीराच्या हालचालींचें नियमन करण्यांत त्याचा मोठा वांटा असतो. तें तयार करणाऱ्या एका प्रमुख विकराला लोहाची गरज लागते. या रोग्यांच्या मेंदूंतील लोहाचा सांठा कमी असतो, असें निरनिराळ्या पद्धतींनीं केलेल्या अभ्यासांत आढळलें आहे. रक्तांतील लोहाचें प्रमाण रात्रीं स्वभावतःच उतरतें. त्रास रात्रींच कां वाढतो याचा यावरून थोडाफार उलगडा होतो. स्वीडनमध्येंच १९५३ सालीं नॉर्डलँडर या वैद्यानें शिरेंतून लोह देऊन अशा रोग्यांना आराम पडतो हें दाखवलें होतें.

महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या दृष्टीनें हा धागा फार महत्त्वाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांपैकीं जवळजवळ ६९ टक्के मुलें रक्तक्षयी आढळलीं. रक्तक्षय सर्वच वेळीं लोहाच्या अभावानें होतो असें नाहीं, आणि ज्याला लोह कमी त्याला हा विकार असतोच असेंही नाहीं. परंतु जेथें लोहाची तूट इतकी सर्रास आहे तेथें अस्वस्थ पायांचें मूल समोर आल्यावर लोहाची विचारपूस टाळणें म्हणजे समोरचें दार सोडून खिडकीनें घरांत शिरण्याचा प्रयत्न करण्यासारखें आहे. पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा भिंतीची माती खाणारें मूल आपल्या शाळांना नवें नाहीं. ही खोडही पुष्कळदां लोहाच्या अभावाची खूण असते. एकच मूल पेन्सिल खात असेल आणि रात्रीं पायही झाडत असेल, तर ह्या दोन तक्रारी वेगवेगळ्या न मानतां डॉक्टरांना एकत्र सांगाव्या.

डॉक्टर अशा वेळीं रक्तांतील फेरिटिन मोजावयास सांगतात. फेरिटिन म्हणजे शरीराच्या लोहकोठारांतील शिलकीचा अंदाज. हिमोग्लोबिन ठीक असूनही कोठार रिकामें असूं शकतें. म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून ‘रक्त चांगलें आहे’ असें समाधान मानूं नये. या विकाराच्या मुलांत फेरिटिन दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमपेक्षां कमी असेल, तर तोंडानें लोह देण्याची शिफारस २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत आहे. एरवीं प्रयोगशाळेच्या कागदावर याहून पुष्कळ खालचा आंकडाही ‘सामान्य’ म्हणून छापलेला असतो. म्हणून तो कागद घरच्या घरीं वाचून निकालांत काढूं नये. ताप किंवा संसर्ग असतांना फेरिटिन फसवें वाढतें, तेव्हां मूल बरें असतांना तपासणी करणें चांगलें. लोह सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनीं पुन्हां मोजणी करतात.

लोहाचें औषध मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावांचून कधींही देऊं नये. थॅलेसीमियासारख्या विकारांत रक्त कमी असूनही लोह देणें अपायकारक ठरूं शकतें. आणि मिठाईसारख्या दिसणाऱ्या रंगीत गोळ्या लहान मुलानें एकदम पुष्कळ खाल्ल्यास जिवावर बेततें. म्हणून त्या कुलुपांत ठेवाव्या. रक्तक्षयमुक्त भारताच्या सरकारी योजनेंत पांच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी व दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना निळी अशी लोहाची साप्ताहिक गोळी ठरलेली आहे. तिच्या जोडीला वर्षांतून दोनदां जंताचें औषधही आहे. ही गोळी मुलानें चुकवूं नये. परंतु ती तूट येऊं नये म्हणून आहे, कोठार एकदां रिकामें झाल्यावर तेवढ्यानें भागेलच असें नाहीं. आहारांत बाजरी, अळीव, खजूर, तीळ, कडधान्यें, पालेभाज्या आणि चालत असेल त्या घरीं मांस असावें. सोबत लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक शोषलें जातें. जेवणाबरोबर किंवा पोळीबरोबर मुलांना चहा देण्याची चाल मात्र सोडावी. चहा अन्नांतील लोह अडवतो आणि संध्याकाळीं घेतल्यास झोंपही पळवतो. सर्दी-खोकल्यावरील कांहीं गुंगी आणणारीं औषधें, उलटी थांबवणारीं कांहीं औषधें व मनोविकारांवरील कांहीं औषधें यांनीं हा त्रास वाढतो. म्हणून मूल कोणतीं औषधें घेत आहे हें डॉक्टरांना न विसरतां सांगावें.

आतां पुन्हां येलदरीकडे जाऊं. रात्रभर झोंपेची नोंद करणारी प्रयोगशाळा तेथें नाहीं. ती मोठ्या शहरांतच मिळते. परंतु ती नाहीं म्हणून तेथील मुलाचें निदान होणार नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. रक्ताचा नमुना तपासणीसाठीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं धाडतां येतो. बाकी जें लागतें तें घरांत आहे. एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस तींत चार गोष्टी टिपाव्या : मूल अंथरुणावर केव्हां पडलें, प्रत्यक्ष झोंपलें केव्हां, पायांचें काय झालें, आणि त्या वेळीं तें काय म्हणालें. झोंपण्याची वेळ रोज एकच ठेवावी, झोंपण्यापूर्वीं थोडें चालवावें, पाय ताणावयास लावावे व कोमट पाण्यानें धुवावे. एवढ्यानें सौम्य त्रास पुष्कळ हलका होतो. आणि जो होत नाहीं त्याच्यासाठीं ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. चार निरर्थक तपासण्यांहून अशी वही त्यांच्या अधिक उपयोगी पडते.

शिक्षकांच्या हातींही थोडें नाहीं. पाय हालवणाऱ्या मुलाला मधून मधून फळा पुसावयास बोलवावें, वह्या वांटावयास सांगावें, मागच्या बांकाजवळ उभें राहून वाचण्याची मोकळीक द्यावी. त्यानें वर्गाची शिस्त मोडत नाहीं, आणि आपल्याला कोणी समजून घेतलें हें त्या मुलाला कळतें.

‘पायांत कायतरी वळवळायलंय’ असें तो मुलगा आईला म्हणाला, तें वाक्य व्याकरणाच्या वहींत चुकीचें ठरेल. परंतु निदानाच्या वहींत त्याइतकें बरोबर वाक्य दुसरें नाहीं. विलिसनें लॅटिनमध्यें आणि एकबोमनें आपल्या प्रबंधांत जें सांगितलें, तेंच त्या मुलानें आपल्या बोलींत सांगितलें आहे. रात्रीं साडेनऊ वाजतां, दिवा मालवण्यापूर्वीं, तें ऐकून घेणारें कोणीतरी घरांत असलें पाहिजे.